यातली माझी कोणती?

एका राज्यात पाण्याला प्रतिबिंब नव्हते, डोंगराला प्रतिध्वनी नव्हता आणि माणसांना सावली नव्हती. पूर्वी सगळे होते. वीस वर्षांपूर्वी एका दुपारी ही तिन्ही त्या राज्यातून उठून निघून गेली. का गेली हे थोरामोठ्यांना ठाऊक होते, पण कोणी बोलत नसे. बोलायचे म्हणजे राणीचे नाव घ्यावे लागे.

राजाचे नाव सुधन्वा, राणीचे चारुमती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी राजा सीमेवर लढाईला गेला आणि तीन महिने परतला नाही. राणी रोज दुपारी नगराबाहेरच्या नीलसरोवरावर स्नानाला जाई. एके दिवशी ती पाण्यातून बाहेर येते, तो काठावर राजा उभा. अंगावर तोच केशरी शेला, भुवईवर तोच जुना व्रण.

"एका प्रहराची सवड काढून आलो आहे," तो म्हणाला.

एक प्रहर राहिला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी वेशीवर नगारे झडले, राजा विजयी होऊन घरी आला आणि राणीला म्हणाला, "तीन महिन्यांनी तुझे मुख पाहतो आहे." राणी हसली. तिला वाटले, महाराज थट्टा करीत आहेत.

दिवस भरले आणि राणीला जुळ्या मुली झाल्या. एका घटकेने थोरली ती उत्पला, धाकटी ती कुमुदा. बाराव्या दिवशी भर दरबारात बारसे मांडले. राणी दोघींना मांडीवर घेऊन बसली होती. इतक्यात गवाक्षातून एक राजहंस आत आला आणि सिंहासनासमोर उतरून माणसाच्या वाणीने बोलला, "राजा, नीलसरोवराचा स्वामी यक्ष मणिनाभ कळवतो, की या दोघींतली एक त्याची कन्या आहे. तुझे रूप घेऊन तो आला होता. त्याच्या घरीही आज पाळणा बांधला आहे."

एवढे सांगून हंस आल्या वाटेने गेला. राजा सिंहासनावरून उठला, राणीपुढे येऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत त्याने विचारले, "यातली माझी कोणती?"

राणीने काहीतरी उत्तर दिले. पण दरबारात असा गलका उसळला होता की ते कोणालाच ऐकू आले नाही. त्यानंतर ती बोललीच नाही. तिची वाणी त्या क्षणी गेली. त्याच क्षणी संगमरवरी भुईवरून समयांची प्रतिबिंबे पुसली गेली, घुमटात घुमणारे आवाज थांबले आणि खांबांच्या सावल्या घड्या घातलेल्या वस्त्रांसारख्या उचलल्या जाऊन दाराबाहेर पडल्या.

राजा दुष्ट नव्हता. त्याने राणीला बागेतला महाल दिला, मुलींना सारखी वस्त्रे दिली, सारखे गुरू दिले, सारखे घोडे दिले. फक्त त्याने दोघींपैकी एकीलाही कधी उचलून घेतले नाही. भलतीच उचलली तर, हे भय त्याच्या मनातून जाईना. त्या पडल्या, रडल्या, तापाने फणफणल्या, तरी तो दारात उभा राहून वैद्याला सूचना देई आणि परत जाई. मुली त्याला 'महाराज' म्हणत.

उत्पला वीस वर्षांची झाली तोवर तिने स्वतःचे तोंड पाहिलेले नव्हते. तिला त्याचे काही वाटतही नसे. सकाळी कुमुदा तिच्या कपाळी कुंकू लावी, ती कुमुदेच्या कपाळी लावी. समोर कुमुदा दिसली की आपण आज कशा दिसतो ते कळे.

एका सकाळी कुमुदेने कुंकवाची डबी उघडली, उत्पलेच्या कपाळाशी हात नेला, आणि त्या हातातून उत्पलेला मागच्या खिडकीची जाळी दिसली. जाळीवरचा मोगरासुद्धा दिसला.

"ताई, अशी काय पाहतेस?" कुमुदा म्हणाली.

"हात उजेडात धर बरे."

कुमुदेने हात उजेडात धरला. उजेड त्यातून असा आरपार गेला, जसा पातळ मलमलीतून जातो. कुमुदा घाबरली नाही. तिने दुसरा हात धरून पाहिला, तोही तसाच. मग हलकेच म्हणाली, "मला वाटलेच होते. चार दिवस झाले, पायऱ्यांवर माझी पावले वाजत नाहीत."

राजवैद्य आले, काढे देऊन गेले. ज्योतिषी आले, पोथी मिटून गेले. उत्पला आईच्या बागेत गेली. तिथल्या पुष्करणीच्या काठावर एक म्हातारा चक्रवाक राहत असे. त्याला बोलता येई, पण फारसे बोलण्याची त्याला हौस नव्हती.

"चक्रवाका, माझ्या बहिणीला काय झाले आहे?"

"जे इतरांना झाले तेच," पक्षी म्हणाला. "जोडी म्हणून जे जे होते ते या राज्यातून चालले आहे. प्रतिबिंब गेले, प्रतिध्वनी गेला, सावली गेली. माझी चक्रवाकीही गेली. आता तुम्हा दोघींतली एक जाईल. एकवीस दिवस उरले आहेत."

"उपाय कोणाला ठाऊक आहे?"

"यक्षाला. पण तो साक्षीवाचून बोलत नाही. त्या बारशाच्या दिवसाचे तीन साक्षीदार आहेत. प्रतिबिंबाने पाहिले, प्रतिध्वनीने ऐकले, सावलीने वाहिले. तिघांना घेऊन जा. वाट मी दाखवतो. मलाही कोणाला तरी शोधायचे आहे."

उत्पलेने आईला खुणांनी सगळे सांगितले. मायलेकी लहानपणापासून बोटांनीच बोलत. आईने तिचे दोन्ही तळवे आपल्या डोळ्यांना लावले. मग उत्पला राजाचा निरोप घ्यायला गेली. राजा उंबरठ्याच्या आत उभा होता, ती बाहेर.

"जा," तो म्हणाला. जराशाने दुसरीकडे पाहत म्हणाला, "आणि विचारून ये."

काय विचारायचे, हे त्याने सांगितले नाही. तिलाही विचारावे लागले नाही.

राज्याची सीमा ओलांडली आणि उत्पला थबकली. समोर एक आंब्याचे झाड होते आणि त्याच्या बुडाशी काळे काही सांडले होते. त्यात पाय घालायचा तिला धीर होईना.

"सावली आहे ती," चक्रवाक म्हणाला. "चावत नाही."

तिने पाऊल टाकले. गार वाटले. पुढे ती मुद्दाम झाडाझाडांखालून चालू लागली.

सातव्या दिवशी ती मिठागरांच्या ओसाड प्रदेशात आली. तिथे एक कोरडी विहीर होती आणि विहिरीच्या काठावर कपर्दी नावाचा जादूगार बसला होता. त्याच्या जटांत आरशांचे तुकडे गुंफलेले होते. विहिरीत पाणी नव्हते. तळापासून काठापर्यंत प्रतिबिंबेच भरली होती, हजारो चेहरे, दिवे, घोडे, ढग, एकमेकांवर हलत होते.

"त्या बारशाच्या दिवसाचे प्रतिबिंब हवे," उत्पला म्हणाली.

"या विहिरीतून कोणालाही फक्त स्वतःचे प्रतिबिंब उचलता येते," कपर्दी म्हणाला. "ओळख आणि ने. चुकलीस तर आत उतर आणि राहा."

उत्पलेने वाकून पाहिले. कुमुदेचा चेहरा शोधावा, तोच माझा, असे तिच्या मनात आले. आणि खरोखर, खाली एक तरुण मुलगी दिसली. तेच कपाळ, तीच जिवणी. उत्पलेने हातही पुढे केला. मग तिच्या ध्यानात आले, की ही प्रतिबिंबे वीस वर्षांपूर्वीची आहेत. त्या दिवशी मी अशी कुठे होते? ती तरुण मुलगी म्हणजे आई होती. आईच्या मांडीवर दोन बारा दिवसांची बाळे होती, कापसाच्या बोंडांसारखी. दोघी अगदी सारख्या. आईच्या भोवती मोठी रिकामी जागा होती. दरबारातले सगळे मागे सरले होते आणि ती एकटी बसली होती.

उत्पलेने आईसकट दोन्ही बाळे ओंजळीत उचलली.

"स्वतःचेच म्हणालो होतो," कपर्दी गुरगुरला. "त्यातली तू कोणती?"

"आईच्या मांडीवर आहे ती," उत्पला म्हणाली. "मांडी एकच आहे."

कपर्दीने तिला खालीवर न्याहाळले. त्याच्या जटांतल्या तुकड्यांत ती कुठेच दिसत नव्हती. शेवटी त्याने एक तांब्या पुढे केला आणि ते प्रतिबिंब त्यात पाण्यासारखे ओतून घेतले.

तिथून पाच दिवसांच्या वाटेवर गर्जनखिंड होती. खिंडीत राज्यातले सगळे हरवलेले प्रतिध्वनी कोंडले होते. वीस वर्षांपूर्वीच्या हाका, देवळांच्या घंटा, बैलांची हंबरणी कड्यांवर आपटून फिरत होती. तिथे राहू शकेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे ठार बहिरा मांत्रिक शंखपाद. "आत शब्द काढू नकोस," चक्रवाक बाहेरूनच म्हणाला. "बोललीस तर तुझा आवाज त्या कल्लोळात मिसळेल आणि परत मिळणार नाही."

शंखपाद गुहेच्या तोंडाशी कंदमुळे सोलत बसला होता. तिला पाहून त्याने मान हलवली, जणू म्हणत होता, आणखी एक आली, आता ओरडेल आणि जाईल. उत्पला ओरडली नाही. ती त्याच्यासमोर बसली आणि आईच्या खुणांनी तिने नमस्कार सांगितला. मग आपले नाव सांगितले. मग बहिणीची हकिगत.

म्हाताऱ्याच्या हातातले कंद खाली पडले. चाळीस वर्षांत त्याच्याशी कोणी बोलले नव्हते. त्याने बोटांनी उलट विचारले, तिने सांगितले, आणि ती दोघे दिवस मावळेपर्यंत बोलत बसली. त्याने तिला आपल्या मेलेल्या बायकोबद्दल सांगितले, गुहेतल्या वटवाघळांबद्दल सांगितले, ऊन कोणत्या महिन्यात कोणत्या दगडावर येते तेही सांगितले. निघताना तो आत गेला, हात पुढे करून कल्लोळातून चालला आणि त्याने बोटांच्या टोकांनी एक थरथर अचूक पकडली. ती शंखात घातली आणि शंखाचे तोंड मेणाने बंद केले.

'दरबारात उघड,' त्याने खुणेने सांगितले. 'मी ऐकलेला नाही. पण हाताला दुःखी लागला.'

तिसरा साक्षीदार काळवनात होता. नीलसरोवरापासून ते वन अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. तिथे झाडे थोडीच होती, पण हरवलेल्या सावल्यांचे ढीग पडले होते आणि कृष्णवेणी नावाची चेटकीण बसून त्यांच्या घोंगड्या विणीत होती. तिने भर माध्यान्ही ढिगातून एक सावली उपसून काढली. चारुमतीची सावली, मांडीवरच्या दोन्ही बाळांसकट.

"सरोवरापर्यंत वाहून ने," कृष्णवेणी म्हणाली. "वाटेत भुईला टेकू द्यायची नाही. टेकली की भुईची झाली." मग तिने एक लोखंडी कातर दिली. "जड झाली तर एक बाळ कापून टाक. पुष्कळ हलकी होते."

उत्पलेने सावली खांद्यावर घेतली. माध्यान्हीची सावली ती, ओढणीएवढी. हलकी, गार. तिला वाटले, एवढेच ना? पण सूर्य कलला तशी सावली लांबू लागली. तिसऱ्या प्रहरी ती पातळ साडीएवढी झाली, मग शिडाच्या कापडाएवढी. उत्पलेने ती डोक्यावर घेतली, दंडांवर गुंडाळली, टोके दातांत धरली. तांब्या कमरेला बांधलेला, शंख गळ्यात. ऊन तांबूस झाले तेव्हा सावलीला ओल्या वाळूचे वजन आले होते. तिचे गुडघे वाकू लागले. दूर सरोवराची निळी कड दिसत होती आणि जवळ येत नव्हती.

"कातर आहे तुझ्याजवळ," चक्रवाक म्हणाला. "मी सांगत नाही, नुसती आठवण करतो."

उत्पलेने कातर काढली. तिला खरोखर कापायचे होते. खोटे कशाला सांगा? पाठ मोडत होती, आणि सावलीतले बाळ म्हणजे बाळ नव्हे असे ती स्वतःला समजावत होती. तिने सावलीचा तो भाग वर उचलून कडेकडेने बोटे फिरवली. एक बाळ कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते ते सापडेना. दोन्ही बाळे आणि आईचा हात मिळून एकच काळा डाग होता. तिने इकडून चाचपले, तिकडून चाचपले, आणि रडू लागली. मग कातर फेकून दिली आणि गुडघ्यांवर रांगत निघाली.

सूर्याची कोर पाण्याला टेकायला आणि तिचा हात पाण्याला लागायला एकच गाठ पडली.

ती तशीच आत शिरली. पाणी घोट्यापर्यंत आले, गुडघ्यापर्यंत आले, डोक्यावरून गेले. ती चालत राहिली. बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आले, की आपण श्वास घेत आहोत. तिने साडीचा पदर चाचपला. तो कोरडा होता.

सरोवराच्या तळाशी चंद्रकांत मण्यांचा महाल होता. महालात एक रिकामा पाळणा टांगलेला होता आणि त्याच्याजवळ यक्ष मणिनाभ बसला होता. कुठल्याही राजाचे रूप त्याने घेतलेले नव्हते. तो एक वाकलेला म्हातारा होता, डोळे पाण्याच्या रंगाचे, नाभीत निळा मणी चमकत होता.

उत्पलेने तांब्या, शंख आणि सावली त्याच्यापुढे ठेवली. यक्षाने तिच्या कोरड्या पदराकडे पाहिले. तिने त्याला पाहताना पाहिले.

"माझ्या बहिणीवरचा शाप मागे घ्या," ती म्हणाली.

"शाप माझा नाही. मी हंस पाठवला, शाप पाठवला नाही. तुमच्या राजाने जोडलेले होते ते दोन करून मागितले. आणि राजाने मागितलेले राज्यातल्या प्रत्येक वस्तूने ऐकले. तेव्हापासून जोडलेले सगळे सुटते आहे."

"मग ते थांबवायचे कोणी?"

"ज्याने विचारले त्यानेच."

"आणि मी उत्तर नेऊन दिले तर?"

"ज्या क्षणी उत्तर देशील," यक्ष सावकाश म्हणाला, "त्या क्षणी राजाची ती राजाकडे राहील. दुसरी नाहीशी होईल. इकडेही येणार नाही. सुटलेले कुठेच जात नाही."

उत्पलेच्या शेजारी पाळणा पाण्याच्या ओढीने हलत होता.

"मी अपराधी आहे," यक्ष म्हणाला. "मुली, मला क्षमा कर."

"माझ्याजवळ कशी मागता?" ती म्हणाली. "ज्यांच्याजवळ मागायची त्यांच्या दारात तुम्ही वीस वर्षांत गेला नाहीत."

यक्षाने मान खाली घातली. मग त्याने नाभीतला मणी ओढून काढला. याच मण्याच्या बळावर तो हवे ते रूप घेत असे. मणी त्याने तिच्या हातावर ठेवला. "हा राणीच्या पायांशी ठेव. आजपासून मी जसा आहे तसाच दिसेन. त्यांना सांग."

एकविसाव्या दिवशी सकाळी उत्पला दरबारात आली. सिंहासनावर राजा होता. एका बाजूला राणी चारुमती बसली होती, आणि तिच्या शेजारच्या आसनावर कोणीच नव्हते असे वाटले. जवळ गेल्यावर दिसले, की आसनावर बांगड्या आहेत, कुंकवाचा ठिपका आहे, आणि त्यांच्यामध्ये कुमुदा आहे, उन्हात वाफ असावी तशी.

"ताई आलीस?" एवढेच ऐकू आले.

राजाने विचारले, "काय म्हणाला तो? कोणती?"

उत्पलेने तांब्यातले प्रतिबिंब भुईवर ओतले. संगमरवरावर तरुण चारुमती दिसू लागली, मांडीवर दोन बाळे, भोवती रिकामी भुई. तिने सावली पसरली. ती राणीच्या पायांशी जाऊन बिलगली. मग शंखाचे मेण काढले. आधी राजाचा आवाज घुमला, विशी-पंचविशीतला, ताठ: "यातली माझी कोणती?" मग गलका. आणि गलक्याच्या तळाशी, बारीक पण स्पष्ट, राणीचा आवाज:

"आधी दोघींना उचलून तर घ्या."

राजा सिंहासनावरून खाली आला. वीस वर्षांत न ऐकलेला आवाज ऐकून तो राणीपुढे येऊन उभा राहिला. तो म्हणाला, "चारुमती, मी माझा प्रश्न मागे घेतो. दोघी माझ्या."

सगळ्यांनी कुमुदेकडे पाहिले. काही झाले नाही. उलट बांगड्या आसनावर खळकन पडल्या, कारण त्यांना धरायला मनगट उरले नव्हते. राजा 'दोघी' म्हणाला होता, पण त्याची नजर अजून एकीवरून दुसरीवर जात होती, जशी वीस वर्षे जात आली होती. उत्पलेला ती नजर पाठ होती. प्रश्न त्याच्या तोंडातून गेला होता, डोळ्यांतून गेला नव्हता.

आता वेळ उरला नव्हता. उत्पलेने आईकडे पाहिले आणि बोटांनी निरोपाची एक लहानशी खूण केली. आई ताडकन उठली, पण तोवर उत्पला बोलून चुकली होती.

"महाराज, कुमुदा तुमची. मी सरोवराची."

शब्द संपतो न संपतो तोच आसनावर कुमुदा दिसू लागली. आधी केस, मग खांदे, मग धाप लागलेली छाती. तिचा हात आसनाच्या लाकडावर ठणकन आपटला. आणि उत्पलेच्या पायांखालची भुई तिच्या पायांतून दिसू लागली.

"ताई!" कुमुदा किंचाळली.

राजाला वीस वर्षांनी उत्तर मिळाले होते. त्याची मुलगी त्याच्यासमोर धडधाकट उभी होती. आता सुख वाटेल, असे समजून तो क्षणभर थांबला. ते आलेच नाही. त्याला दिसत होते ते एवढेच, की पलीकडे उभी असलेली दुसरी विरघळते आहे. याच दरबाराच्या दारात ही पाच वर्षांची असताना गुडघा फुटून उभी होती आणि आपण वैद्याला हाक मारून वळलो होतो. आता कमरेपर्यंत गेली. आता खांद्यापर्यंत.

तो धावला. मुकुट पडला, तो त्याने पाहिला नाही. जे काही उरले होते ते त्याने दोन्ही हातांनी कवेत घेतले, आणि लहान बाळाला उचलावे तसे त्या वीस वर्षांच्या मुलीला भुईवरून उचलले.

"हिला जाऊ देणार नाही," तो ओरडला. "कोणाची आहे ते कळले मला, चांगले कळले. ही माझी आहे. ही माझी थोरली आहे!"

त्याच्या हातांत वजन आले. आधी थोडे, मग पुरते, इतके की राजा लटपटला आणि मुलीसकट खाली बसला. कुमुदा धावत येऊन दोघांच्या अंगावर कोसळली, तिलाही त्याने दुसऱ्या हाताने ओढून घेतले. आणि घुमटातून आवाज परत आला: "माझी आहे... माझी आहे... आहे..."

बाहेर गलबला झाला. दाराशी उभ्या असलेल्या भालदाराने आपल्या पायाशी लांबलेले काळे पाहिले आणि तो दचकून बाजूला उडी मारू लागला, तर तेही उडी मारू लागले. नदीवर बायकांनी घागरी टाकल्या आणि पाण्यात वाकून वाकून आपली तोंडे पाहिली. काही हसल्या, काही रडल्या. वीस वर्षे म्हणजे थोडा काळ नव्हे. चक्रवाक उडून पुष्करणीवर गेला, तो काठावर त्याची चक्रवाकी पंख साफ करीत बसलेली. इतके दिवस कुठे होतीस, असे त्याने विचारले नाही.

राणी चारुमती राजाजवळ येऊन उभी राहिली. तिने घसा साफ केला.

"उशीर केलात," ती म्हणाली.

राजा भुईवर बसल्या बसल्याच म्हणाला, "केला."

"माझ्या महालात यायला अजून थोडा करा. मी बोलावीन तेव्हा या." मग ती मुलींना घेऊन बागेत गेली.

तिथे उत्पलेने तो निळा मणी तिच्या पायांशी ठेवला आणि यक्षाचा निरोप सांगितला. राणीने मण्याकडे पाहिले. हात लावला नाही.

"तो दिसायला कसा आहे?" तिने विचारले. "खरा? मी त्याला कधी पाहिलेच नाही."

"म्हातारा आहे. वाकलेला. डोळे पाण्याच्या रंगाचे."

"हं," राणी म्हणाली. "मणी माझ्या दृष्टीसमोर नको. आणि क्षमेचे मी पाहीन. घाई नाही." थोड्या वेळाने तिने उत्पलेची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "तू मात्र जात जा तिकडे, जावेसे वाटले तर. त्यात लपवण्यासारखे काही नाही."

राणीने राजाला सात महिन्यांनी बोलावले.

राजाने दवंडी पिटवली, की राज्याला दोन कन्या आहेत आणि आपल्यामागे दोघी मिळून राज्य करतील. कोणाची कोण, हे विचारणाऱ्याला राजाकडे पाठवावे, राजा स्वतः उत्तर देईल. कोणी गेले नाही. राजा मात्र रोज सकाळी मुलींच्या महालात येऊ लागला. काय बोलावे ते त्याला सुचत नसे. तो बसून राही.

एका सकाळी त्याने उत्पलेला विचारले, "मला तात म्हणशील का?"

उत्पलेने विचार केला. खोटे बोलण्याची तिला सवय नव्हती.

"वेळ लागेल, महाराज," ती म्हणाली.

"लागू दे," राजा म्हणाला आणि तसाच बसून राहिला.

तिला सहा महिने लागले. ज्या दिवशी ती म्हणाली, त्या दिवशी राजाला ते ऐकू आले नाही. तो खिडकीपाशी कुमुदेच्या पोपटाला डाळिंब भरवीत होता. तिला दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने म्हणावे लागले.

अशी त्या राज्याची घडी बसली, आणि जिने मोडलेले जोडले तिला देवाने उदंड आयुष्य दिले.